पाठीतला पाहुणा

ते होतं फर्निचरचं जुनं गोदाम, पण रविवारी सकाळी तिथे मुंगी शिरायला जागा नसे. टेबलं-कपाटं केव्हाच विकली गेली होती. आता तिथे दुखऱ्या पाठींच्या रांगा लागत. कमरेवर हात ठेवून आलेले ड्रायव्हर, मान एका बाजूला धरलेल्या टायपिस्ट बायका, ओझी उचलून खचलेले हमाल, आणि प्रत्येकाबरोबर घरची दोन-तीन धडधाकट माणसं. ती आणायचीच, असा नियम होता. कारण इथला चमत्कार ज्याचा त्याला दिसत नसे. तो घरच्यांनी बघायचा आणि मग जन्मभर त्याला ऐकवायचा.

चमत्कार करणाऱ्याला लोक कणाबाबा म्हणत. माणूस उंच, ताठ, आणि उन्हाने पत्रे तापले तरी खांद्यावरची जाड शाल काही उतरायची नाही. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्यालाही वाटावं, बाबा आपल्याशीच बोलतायत.

"माणूस जन्माला येतो तेव्हा त्याची पाठ रिकामी असते," बाबा सांगत. "मग वाटेत कुणीतरी भेटतं. दमलेलं असतं बिचारं. पाठीवर टेकतं, आणि टेकता टेकता आत शिरतं. डॉक्टर म्हणतो, फोटो काढा. अरे, फोटो निघायला पाहुण्याने पोज नको द्यायला?"

लोक हसत. हसलेल्या माणसाच्या गळ्यात काहीही मारता येतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

"मी औषध देत नाही, सुई टोचत नाही. मी फक्त पाहुण्याला म्हणतो, झाला ना पाहुणचार? आता निघ."

आणि पाहुणा निघायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोग्याला एक झगा घालायला देत. त्या झग्याला मागच्या बाजूला, कमरेच्या जरा वर, चौकोनी खिडकी कापलेली. रोग्याने बाबांकडे तोंड करून उभं राहायचं, घरच्यांनी मागे. बाबा त्याच्या हातात पितळेचा दिवा देत, तेलाने काठोकाठ भरलेला, चांगला जड, आणि हात बाजूला लांब धरायला लावत. दोन नियम बाबा बजावून सांगत. रोग्याने आपली पाठ कधीही बघायची नाही, आरशातसुद्धा नाही. बघितली तर पाहुणा डोळ्यांत चढतो. आणि घरच्यांनी खिडकीवरून नजर हलवायची नाही. हलवली तर पाहुणा त्यांच्याकडे जातो.

घरचे मग श्वास रोखून खिडकीत बघत राहत. कण्याच्या एका बाजूला चांगला जाड, लांबट उंचवटा फुगून यायचा. बाबा म्हणत, "सरक पलीकडे," आणि तो या बाजूला मावळून त्या बाजूला उठायचा. शेवटी बाबा दिवा परत घेत आणि लगेच म्हणत, "आता वाका. आपल्याच पायांची बोटं धरा, अंग सैल सोडा, पाहुण्याला वाट द्या." रोगी वाकला की उंचवटा विरघळून जाई. पाठ सपाट. मागचे लोक हात जोडत आणि रोगी बिचारा वाकलेल्या अवस्थेत विचारत असे, "गेला का? गेला का?"

त्या रविवारी झगा घालून उभी होती शिंपीकाम करणाऱ्या घरातली थोरली सून. घरात धाकटीही होती, म्हणून ही थोरली. तिला सगळे तेच म्हणत. तिची पाठ दोन वर्षं दुखत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनवर वाकून बसायचं, आणि स्टूल इतकं बुटकं की गुडघे छातीशी यावेत. पण स्टूल सासऱ्यांच्या आईपासूनचं, त्याला कोण नाव ठेवणार? दुखतं म्हणून सांगितलं की सासूबाई म्हणत, "आमच्या नाही कधी पाठी दुखल्या." आणि उठताना स्वतः कमरेवर हात ठेवत.

अंगातला झगा थोरलीनेच शिवलेला होता. बाबांच्या झग्यांचं सगळं काम तिच्या सासरच्या दुकानाकडे होतं. खिडकीचा चौकोन सासऱ्यांनी कापलेला. त्यांना सगळा रस्ता कटिंगमास्तर म्हणायचा. चौकोनाची किनार थोरलीने दुमडून घातलेली. आपल्याच टाक्यांत आपण एक दिवस उभं राहू, असं शिवताना तिच्या मनातही आलं नव्हतं.

मागे सासूबाई आणि नवरा उभे. थोरलीला ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.

"अगं बाई," सासूबाई पुटपुटल्या. "केवढा आहे तो."

"सरक पलीकडे," बाबांनी हुकूम दिला, दिवा तिच्या उजव्या हातातून काढून डाव्यात दिला.

"सरकला," नवरा म्हणाला. हा माणूस कधी खोटं बोलत नसे. म्हणूनच थोरलीचा विश्वास बसला.

"वाका."

ती वाकली. अर्ध्यावर कमरेतून अशी कळ निघाली की तिथेच थांबली. बाबांनी विचारलं, "गेला?" मग नवरा हळूच म्हणाला, "नाही हो. आहे अजून."

गोदामात कुजबुज पसरली. बाबांनी डोळे मिटले. पंचाईत झालेला माणूस डोळेच मिटतो. लोकांना वाटतं, ध्यान लागलं.

"हा पाहुणा नाही राहिला," बाबा म्हणाले. "हा आता भाडेकरू झाला. आणि भाडेकरूला घर जुनं झालं की नवं लागतं. घरात लहान कोण आहे?"

"एक मुलगी आहे," सासूबाईंनी सांगून टाकलं. "हिचीच."

"मग मुलीला हिच्यापासून लांब ठेवा. हिला एका खोलीत बसवा. हिने कापडाला हात लावायचा नाही, मुलीला तर नाहीच. पुढच्या रविवारी बघू. निघाला तर ठीक. नाही निघाला, तर मुलीची पाठ तपासावी लागेल. तिच्यात शिरला असेल तर तिलाही बसवावं लागेल."

*

दुकान खाली आणि घर वर, अशी त्यांची जागा. मोकळी खोली एकच होती, दुकानामागची ट्रायल रूम. गिऱ्हाइकाने कपडा घालून बघायची ती खोली. समोर एक आणि मागे एक असे दोन उंच आरसे, कोपऱ्यात कोट चढवायचा कापडी पुतळा, भिंतीला खुंट्या. मास्तरांनी दोन्ही आरसे भिंतीकडे तोंड करून फिरवले. थोरलीची चटई त्यांच्या मधोमध पडली.

दाराला बाहेरून कडी नव्हती. ती नवऱ्याने बसवली. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाचणारा सगळा राग घरच्यांवर काढून मोकळा होईल. कडी बसवा, असं थोरली स्वतः म्हणाली होती.

"बटण धावत येते," ती म्हणाली. "मी झोपेत असले तर? तिला जवळ घेतलं तर? बाहेरून लावूनच टाका."

बटण म्हणजे तिची मुलगी. रांगायला लागल्यापासून बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून बटण. आता शाळेत जायला लागली होती, तरी डबा सुटला नव्हता. पहिल्याच दिवशी दप्तर टाकून ती दारापाशी येऊन बसली.

"आई, उघड ना."

"उघडायचं नाही, राणी. आईला बरं नाही."

"सर्दी आहे?"

"पाठ दुखते."

"पाठ मला कशी लागेल? मी तुझ्या पुढून येते ना."

थोरलीने तोंडावर हात दाबून धरला. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून एक निळं बटण आत आलं. मग एक पांढरं. मग कोटाचं मोठं तपकिरी. पलीकडून मुलगी म्हणाली, "तू पण एक पाठव." थोरलीने हात पुढे केला आणि मागे घेतला. आपण हात लावलेलं बटण तिच्या हातात जाणार. ती चटईच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. पलीकडून "आई? आई?" असं बराच वेळ चाललं, मग सासूबाईंनी मुलीला उचलून वर नेलं.

बटणं दाराशी तशीच पडून राहिली, दर दुपारी त्यात भर पडत गेली.

खोलीत दुसरं काही करायला नव्हतं. माणूस रिकामा बसला की अंगात काय काय हलतं ते ऐकू येतं. कुशीवर वळलं की पाठीत काहीतरी सरके. श्वास घेतला की फुगे. पूर्वी याला ती पाठ म्हणायची. आता तो म्हणू लागली. तो जागा आहे. तो चिडलाय. एकदा तिने चक्क हळू आवाजात त्याला विचारलं, "माझ्या पोरीला सोडशील ना?" मग स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू फुटलं. दार तर बाहेरून बंद होतंच, पण ते सताड उघडं असतं तरी ती गेली कुठे असती? जिथे जावं तिथे पाठ बरोबरच.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. खरं आहे. पण पाठीला आरसा लागतो. आणि इथे तर ऐन आरशांच्या खोलीत आरशांनीच तिच्याकडे पाठ फिरवली होती.

*

आठवडा निम्मा सरला तेव्हा दुकानात कोटवाल्या मॅडम आल्या. मेडिकल कॉलेजात मुलांना शरीर शिकवणाऱ्या डॉक्टर. पांढरे कोट इथूनच शिवून घेत, म्हणून त्यांचं हे नाव. बाई अंगाने भरभक्कम आणि जिभेने त्याहून.

"मास्तर, फळ्यावर लिहायला हात वर केला की तुमचा कोट काखेत काचतो. मुलांना वाटतं, मॅडम त्यांच्यावर चिडल्यात. नवा घालून बघते, मगच नेते."

"ट्रायल रूम बंद आहे, मॅडम," मास्तर कैचीकडे बघत म्हणाले.

"शिंप्याची ट्रायल रूम बंद? उद्या न्हावी म्हणेल, खुर्ची बंद आहे."

त्या बोलत बोलत मागे गेल्या, आणि थबकल्या. दाराशी एक मुलगी पालथी पडून फटीशी गाल लावून बोलत होती, "आई, आज मी लाल आणलंय." आणि दाराला बाहेरून कडी.

मॅडमनी कडी काढली. सासूबाई "अहो, अहो" करत पोचेपर्यंत त्या आतही शिरल्या होत्या. थोरली भिंतीला चिकटून ओरडली, "बटणला आत येऊ देऊ नका."

सगळं ऐकून घ्यायला मॅडमना बराच वेळ लागला, कारण थोरली रडत होती आणि सासूबाई मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होत्या. "आम्ही डोळ्यांनी बघितलाय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत. मॅडम एकदाही हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "सरक म्हणाला तेव्हा दिवा कुठल्या हातात होता?"

"दिवा कोण बघतं?" सासूबाई म्हणाल्या. "खिडकीवरून नजर हलवायची नसते."

"असं का?" मॅडम म्हणाल्या. "आणि हिने पाठ बघायची नसते. म्हणजे जिला दिवा दिसतो तिला पाठ दिसत नाही, आणि ज्यांना पाठ दिसते त्यांना दिवा दिसत नाही. वा. माणूस हुशार आहे. मास्तर, तुमची ती कोटांची इस्त्री द्या. जड, लोखंडी. गार असलेली द्या म्हणजे झालं."

त्यांनी थोरलीचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला, कण्याच्या डावीकडे, कमरेच्या वर. मग उजव्या हातात इस्त्री घेऊन हात बाजूला लांब केला.

थोरलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. हाताखाली काहीतरी टणक उठून आलं होतं.

"पुन्हा ठेव. आता इस्त्री डाव्या हातात घेते. काय झालं?"

"इथला गेला," थोरली म्हणाली. तिने दुसरी बाजू चाचपली. "इकडे आला."

"तुला उजव्या हातात भरलेली बादली दिली तर तू कुठे झुकतेस?"

"डावीकडे."

"कोण झुकवतं तुला? डावीकडची पाठ. ती ओढून धरते म्हणून तू उजवीकडे कोलमडत नाहीस. ओढायला लागली की फुगते, दंडाची बेटकुळी फुगते तशी. पाठीला बेटकुळी असते हे कुणी सांगत नाही, कारण ती आपली आपल्याला दिसत नाही."

मग त्यांनी नवा कोरा कोट पुतळ्यावर चढवला आणि मास्तरांचा निळा खडू घेऊन सरळ त्याच्या पाठीवर रेघा ओढायला सुरुवात केली. सासूबाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

"तुम्ही कोट कसा करता? वर कापड, मध्ये कॅनव्हास, आत अस्तर. पाठही तशीच थरांची. हा वरचा थर, मानेपासून खांद्यांवर पसरून मध्यापर्यंत निमुळता झालेला. हा दुसरा, काखेपासून कमरेपर्यंत रुंद. हात खाली ओढायला. याच्याखाली बरगड्यांवरचे पातळ स्नायू, श्वासाच्या कामाचे. आणि सगळ्यांत आत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालपासून डोक्यापर्यंत हे दोन जाड दोर. माणसाला उभं धरतात ते हे. हाच तुझा पाहुणा. जन्माच्या आधीपासून राहतोय."

थोरली त्या निळ्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने खरी भीती बोलून दाखवली. "पण वाकल्यावर सगळ्यांचा जातो. माझा नाही गेला."

मॅडमनी आरसे ओढून फिरवले, एक पुढे, एक मागे. थोरलीने डोळे गच्च मिटले.

"उघड. डोळ्यांत कोणी चढणार नाही. आधी माझी बघ." मॅडम वाकल्या, हात खाली लोंबू दिले. वाकल्या वाकल्याच बोलल्या, "पूर्ण वाकून सैल सुटलं की हे दोर काम थांबवतात. भार आतल्या पट्ट्यांवर टांगला जातो. पाठ सपाट होते. कुणाचीही. तुझ्या बाबाने हुकूम दिला काय किंवा पोळ्या लाटल्या काय." त्या धापा टाकत सरळ झाल्या. "आणि तू अर्ध्यावर थांबतेस, कारण दुखतं. अर्ध्यावर थांबलं की सगळा भार या दोरांवर. शिवाय दुखरी पाठ घाबरलेली असते, ती सैल सुटतच नाही. राखण करत बसते. म्हणजे ज्याला खरंच दुखतंय त्याचाच पाहुणा निघत नाही. आणि त्यालाच हा माणूस कोंडायला सांगतो."

थोरलीने डोळे उघडले. समोरच्या आरशात मागचा आरसा, त्यात तिची पाठ. इतक्या वर्षांत तिने किती बायकांना त्या दोन आरशांत त्यांची पाठ दाखवली होती; आपली कधी बघितली नव्हती. तिने इस्त्री उचलली. डावीकडे उठला. हात बदलला. उजवीकडे. पुन्हा बदलला. ती हसली, मग तिला रडू आलं, आणि ती म्हणाली, "ही तर माझीच पाठ आहे."

पण इतक्याने सुटका होती तर काय हवं होतं. सासूबाई दारातून सगळं बघत होत्या. त्या मान हलवत म्हणाल्या, "बघा. मॅडमनासुद्धा पाहुणा आहे."

मॅडमनी खडू मास्तरांच्या हातात परत ठेवला.

कडी पुन्हा लागली. मॅडम भांडल्या, नवरा खाली मान घालून उभा राहिला, मास्तर म्हणाले, "रविवारपर्यंत, मॅडम. बाबांचा शब्द आहे." थोरलीनेच मॅडमना थांबवलं. "तुम्ही तिथे येऊन सांगितलंत तर लोक म्हणतील, शिकलेल्यांना सगळं खोटंच वाटतं. माझी पाठ आहे. मी सांगते."

त्या रात्री खोलीत तीच चटई होती, तीच कडी. फरक इतकाच, की आता तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, ठाऊक नसताना कोंडून घेणं सोपं असतं. ठाऊक झाल्यावर एक एक तास भिंत होतो. रविवारी आपलं बोलणं कुणी ऐकलं नाही, तर या चटईवर बटण बसणार होती.

दाराशी पडलेली सगळी बटणं तिने ओंजळीत घेतली आणि एक एक करून फटीतून बाहेर सरकवली.

*

रविवारी बटणला नवा झगा घातला होता. लहान मापाचा, लहान खिडकीचा. तो मास्तरांनी स्वतः कापला होता आणि कापताना त्यांचा हात दोनदा थांबला होता. मुलगी आजीचं बोट धरून गोदामात बसली होती. तिला खिडकीतून वारा लागत होता आणि ते तिला आवडलं होतं.

"आधी माझी पाठ बघा," थोरली पुढे होत म्हणाली. "मुलीची नंतर."

बाबांनी प्रसन्न मुद्रेने दिवा दिला, तिच्या उजव्या हातात. "मागे कोण बघणार?"

"सासूबाई," थोरली म्हणाली. "त्या खोटं बोलत नाहीत. सासूबाई, काय दिसेल ते मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"डावीकडे उठलाय," सासूबाईंनी खणखणीत सांगितलं.

"सरक पलीकडे," बाबा म्हणाले आणि सवयीने दिवा घ्यायला हात पुढे केला. थोरलीने दिवा सोडला नाही.

"मी धरते ना, बाबा. जड नाही मला. तुम्ही हुकूम करा."

बाबांनी दिवा ओढला. तेल हिंदकळून त्यांच्या शालीवर सांडलं. रांगांमधली माणसं बघत होती, म्हणून त्यांना दिवा सोडावा लागला.

"सरक पलीकडे," ते गरजले.

"नाही सरकला," सासूबाई म्हणाल्या. "डावीकडेच आहे."

"मी सांगतो, सरक."

"अहो, डावीकडेच आहे. मी काय खोटं सांगते?"

"हट्टी आहे," बाबा लोकांकडे वळून म्हणाले. "मी याला आता डावीकडेच बांधून टाकतो. थांब तिथेच. हलू नकोस."

थोरलीने गुपचूप दिवा डाव्या हातात घेतला.

"गेला," सासूबाई म्हणाल्या. "उजवीकडे गेला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरलीने पुन्हा हात बदलला. "डावीकडे." पुन्हा. "उजवीकडे." सासूबाईंचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्या खिडकीतच बघत होत्या. सून काय करते हे त्यांना दिसत नव्हतं, पण बाबा काय म्हणतात ते ऐकू येत होतं, आणि पाहुणा बाबांचं एक अक्षर ऐकत नव्हता. थोरलीने दिवा खाली ठेवून दिला.

"आता?"

"आता," सासूबाई म्हणाल्या, "आता काहीच नाही." आणि त्यांनी नजर उचलली. नियम मोडून त्यांनी पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघितलं. सुनेचे रिकामे हात बघितले, जमिनीवरचा दिवा बघितला.

"नजर का हलवली?" बाबा ओरडले. "आता तो तुमच्यात शिरेल."

"माझ्यात आहेच तो," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "सगळ्यांतच आहे, असं त्या कोटवाल्या म्हणत होत्या."

मास्तर उठले. कधी चारचौघांत न बोललेला माणूस, आवाज खोल गेलेला. "झगे आमच्याच दुकानात शिवलेत," ते म्हणाले. "खिडकी मी कापलीय. मापात अशी, की पाठ दिसावी आणि हात दिसू नयेत. बाबांनीच माप सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही."

थोरली लोकांकडे वळली. बोलायची सवय नव्हती, पण थांबायची सोय नव्हती. "शेजारच्याच्या पाठीवर हात ठेवा," ती म्हणाली. "त्याच्या एका हातात पिशवी द्या, नाहीतर पोर द्या. हात बदलायला सांगा. मग सांगा मला, कोणाच्या पाठीत पाहुणा नाही."

मग एका हमालाने बायकोच्या हातात पिशवी दिली. मग टायपिस्ट बायका एकमेकींच्या मागे उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात गोदामात पिशव्या, पोरं, पाण्याचे डबे या हातातून त्या हातात जायला लागले आणि "इकडे आला, तिकडे गेला" असा नुसता गलका उडाला. एक ड्रायव्हर बाबांकडे गेला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बाबा, जरा शाल काढता का? तुमची पाठ बघू." बाबांना त्याच क्षणी ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. ते मागच्या दाराने गेले ते गेलेच.

*

थोरलीची पाठ चमत्काराने बरी झाली नाही. मशीनचं टेबल उंच केलं, ते पिढीजात स्टूल माळ्यावर गेलं, मॅडमनी ओळखीच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. दुखणं निम्म्यावर आलं, आणि ढगाळ दिवसात अजूनही आठवण करून देतं. ती आता त्याला तो म्हणत नाही. सासूबाईही व्यायामाला जातात; त्यांच्या पाठी कधीच दुखल्या नव्हत्या, तरी जातात. खडूच्या रेघांचा तो कोट मास्तरांनी धुतला नाही. पुतळ्यावर तसाच आहे. मॅडमना दुसरा शिवून दिला, काखेत न काचणारा.

कडी नवऱ्याने काढली. लाकडात स्क्रूची चार भोकं राहिली.

एका दुपारी बटण त्या भोकांत एक एक बटण बसतं का बघत होती. बघता बघता तिने विचारलं, "आई, तो पाहुणा मग कुठे गेला?"

"तो आलाच नव्हता, राणी."

"कधीच?"

"कधीच."

मुलगी बटण हातात धरून वळली. "मग तू मला आत का नाही येऊ दिलंस?"

थोरली मशीनवरून उठली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली, पण उत्तर तिच्याकडे नव्हतं. आमच्याकडेही नाही. दिव्याची करामत दोन वाक्यांत सांगून होते. या प्रश्नाला काय सांगणार? म्हणून एवढंच म्हणणं आहे. कुणी म्हणालं, इथेच बघ, तिकडे बघू नकोस, तर आधी तिकडे बघा. कुणी म्हणालं, विचारशील तर वाईट होईल, तर विचारा, आणि मोठ्याने विचारा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून ती दुसऱ्याच्या शब्दावर सोडून देऊ नका, आरसा मागा. आणि हे सगळं दाराला कडी लावायच्या आधी करा. नंतर दार उघडता येतं, पण पलीकडे बसून कुणीतरी "आई? आई?" करत राहिलेलं असतं, ते परत घेता येत नाही.

बटणने उत्तराची वाट बघितली. मग आईचा हात उघडून तिच्या तळव्यावर ते मोठं तपकिरी बटण ठेवलं आणि मूठ मिटून दिली.

"आता तू पाठव," ती म्हणाली, आणि दाराच्या पलीकडे जाऊन बसली.